पॅनेल सॉ गुण्यात कोण ठेवणार?

चार-सहा सुतारांनी मिळून भाड्याने घेतलेला गाळा असो, तंत्रनिकेतनातली कार्यशाळा असो की हौशी मंडळींनी वर्गणीतून उभी केलेली जागा, ८ बाय ४ फुटांचं प्लायवूड सरळ आणि काटकोनात कसं कापायचं ही अडचण सगळीकडे सारखीच असते. १९ मिमी जाडीचं अख्खं प्लाय ३५ किलोच्या आसपास भरतं, १८ मिमीचं एमडीएफ ४० किलोच्या घरात जातं आणि एचडीएचएमआर त्याहूनही जड. एवढं धूड हातातल्या कटरने गुण्यात कापणं कसबी मिस्त्रीलाही दमवतं. मग बैठकीत कुणीतरी पॅनेल सॉचा विषय काढतो आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, विकत घेऊन टाकू. दुसरा म्हणतो, वेल्डिंग आपल्याला येतं, आपणच बनवू.

दोन्ही बाजूंना तथ्य आहे, पण त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी. विकतच्या मशीनबरोबर अचूकता पैसे मोजून येते. बनवलेल्या मशीनमध्ये ती आपल्याला आणावी लागते आणि पुढे सतत राखावी लागते. एकट्या मिस्त्रीच्या मशीनला याची फारशी झळ बसत नाही, कारण किंचित बिघाडही त्याच्या हाताला लगेच जाणवतो. दहा जणांच्या मशीनवर मात्र सकाळी एकाने बोल्ट सैल केला की संध्याकाळी दुसऱ्याची शटरं तिरकी निघतात आणि दोष कुणाचा, हे कळतच नाही. म्हणून मशीन गुण्यात ठेवण्याची जबाबदारी कोण घेणार, त्याचं नाव आधी ठरवा. घ्यायचं की बनवायचं, याचं निम्मं उत्तर त्यातूनच मिळेल.

आधी गरज मोजा

तीन महिने एक साधी नोंद ठेवा. कुणी किती शीट कापल्या, त्यात नुसता सांगाडा किती, दोन्ही बाजूंना सनमायका लावलेली शटरं किती, ४५ अंशांचे काप किती आणि सागवानासारखं भरीव लाकूड किती. बहुतेक वेळा हा आकडा बैठकीतल्या अंदाजापेक्षा बराच कमी निघतो.

महिन्याला पाच-सात शीटच लागत असतील तर मशीनचा विचार बाजूला ठेवा. जमिनीवर दोन इंची थर्माकोल अंथरा, त्यावर चांगली बाजू खाली करून प्लाय ठेवा, वर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी क्लॅम्पने आवळा आणि तिच्या कडेने सर्क्युलर सॉ चालवा. पातं थर्माकोलमध्ये थोडं उतरतं, शीटला सगळीकडून आधार राहतो आणि कापलेला तुकडा खाली पडत नाही. काम झालं की सगळं भिंतीला लावून ठेवता येतं. रुळावर चालणारा ट्रॅक सॉ घेतला तर हेच काम आणखी नेमकं होतं.

दुसरा पर्याय बाहेरून कटिंग करून घेण्याचा. मोठ्या शहरांतल्या टिंबर मार्केटमध्ये आणि प्लायच्या अनेक दुकानांत मापं लिहून दिली की माल कापून मिळतो. तिथला शीटमागचा दर आणि वाहतूक धरून महिन्याचा खर्च काढा. त्यासमोर स्वतःच्या मशीनचा खर्च मांडताना किमतीबरोबर वीजजोडणी, धूळ ओढायची सोय, पात्यांना धार लावणं आणि मशीनने अडवलेल्या जागेचं भाडं हेही धरा. हे शेवटचं कलम बहुतेक जण विसरतात आणि कित्येकदा सगळा हिशोब तेच फिरवतं.

दोन जाती, दोन स्वभाव

पॅनेल सॉ म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सरकत्या टेबलाचा आडवा सॉ येतो. १९०६ मध्ये जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी ही रचना आणली. शीट सरकत्या टेबलावर ठेवायची आणि टेबलासकट पात्यावर न्यायची, ही मूळ कल्पना आजही तीच आहे. मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यांत दिसणाऱ्या मशीनचं टेबल साधारण ३२०० मिमी लांब असतं, पातं ४५ अंशांपर्यंत कलतं आणि मुख्य पात्याच्या पुढे एक छोटं स्कोअरिंगचं पातं असतं. मुख्य पात्याचे दात वरून शिरून खालून बाहेर पडतात, त्यामुळे चिपा खालच्या बाजूला निघतात. स्कोअरिंगचं पातं उलट दिशेने फिरत त्या बाजूला एक-दोन मिमी खोल चर आधीच पाडतं, म्हणून दोन्हीकडची सनमायका स्वच्छ कापली जाते.

दुसरी जात उभ्या पॅनेल सॉची. यात शीट मागे किंचित झुकलेल्या चौकटीवर, खालच्या रोलरांवर आडव्या लांबीत उभी राहते आणि करवत दोन उभ्या दांड्यांवरून वरून खाली येते. लांबीत चिरायचं असेल तर करवत ९० अंशांत फिरवून हव्या उंचीवर पक्की करतात आणि शीट रोलरांवरून ढकलतात. स्वित्झर्लंडच्या स्ट्रीबिगसारख्या महागड्या मशीनमध्ये करवतच आडवीही सरकते, शीट हलवावी लागत नाही. उभ्या सॉवर शीट टेबलाइतकी उंच उचलावी लागत नाही. एक कड रोलरांवर टेकवली की एकटा माणूसही ती हाताळू शकतो, हा त्याचा मोठा गुण. पण कलता काप, अगदी छोटे तुकडे आणि भरीव लाकूड यांच्यासाठी तो सोयीचा नाही.

जागेतला फरक फार मोठा आहे. सरकतं टेबल पात्याच्या अलीकडे आणि पलीकडे पूर्ण जातं, म्हणून त्या दिशेने २१-२२ फूट मोकळे लागतात आणि रुंदीत वीसेक फूट धरावे लागतात. म्हणजे जवळजवळ ४४० चौरस फूट. उभ्या सॉला खोली चार-पाच फूट पुरते. मात्र ८ फुटी शीट लांबीत चिरायची तर पात्याच्या दोन्ही अंगांना आठ-आठ फूट हवेत, त्यामुळे भिंत १७-१८ फूट सलग मोकळी लागते. तरीही जागा ९० चौरस फुटांच्या आत राहते. दहा बाय वीसच्या गाळ्यात सरकत्या टेबलाचा हट्ट धरलात तर बाकीची कामं रस्त्यावर करावी लागतील.

विजेचंही तसंच आहे. सरकत्या टेबलाच्या मशीनला सहसा ५.५ अश्वशक्तीची मुख्य मोटर आणि स्कोअरिंगसाठी साधारण एक अश्वशक्तीची वेगळी मोटर असते. त्याला ४१५ व्होल्टची थ्री फेज जोडणी लागते. सर्क्युलर सॉवर बांधलेला उभा सॉ २३० व्होल्टवर, १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवर चालतो. गाळा भाड्याचा असेल तर थ्री फेजसाठी मालकाची संमती आणि मंजूर भार या दोन गोष्टी मशीनचा ॲडव्हान्स देण्याआधी उरकून घ्या.

विकत घेताना

दुकानातलं प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या प्लायवर बघू नका. आपली एक अख्खी शीट आणि दोन्हीकडे सनमायका लावलेला एक तुकडा सोबत न्या. पहिली परीक्षा सरळपणाची. ८ फूट लांबीच्या दोन पट्ट्या कापा आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवा. टेबलाच्या चालीत बाक असेल तर मध्ये किंवा टोकांना फट दिसते, आणि ती खऱ्या दोषाच्या दुप्पट असल्याने डोळ्यांना सहज कळते. दुसरी परीक्षा गुण्याची, तिची रीत पुढे दिली आहे. तिसरी स्कोअरिंगची. सनमायकाच्या खालच्या कडेवर बोट फिरवा. एका अंगाला चिपा आणि दुसरं अंग स्वच्छ असेल तर दोन पाती एका रेषेत नाहीत. ते जुळवता येतं, पण विक्रेत्याच्या माणसाकडून तुमच्यासमोर जुळवून घ्या आणि आपल्यातल्या दोघांना शिकवायला सांगा.

सेकंड हँड मशीन घेताना आणखी काही गोष्टी बघा. मशीन बंद करून आणि प्लग काढून पातं उतरवा, ज्या दांड्यावर ते बसतं तो हाताने हलवून बघा. किंचितही खडखड लागली तर बेअरिंग गेलेलं आहे. टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू सरकवा, मध्येच अडखळलं तर रुळावर खड्डे पडलेत. पात्यावरचं कव्हर आणि पात्यामागची उभी पातळ पट्टी जागेवर आहेत का ते तपासा. जुन्या मशीनवरून या दोन गोष्टी हमखास गायब असतात, आणि त्यांच्याशिवाय मशीन सामायिक जागेत आणणं धोक्याचं आहे. वाहतुकीचाही विचार करा. असं मशीन कित्येक क्विंटल वजनाचं असतं, ते उतरवायला हायड्रा लागेल आणि तुमच्या गल्लीत हायड्रा वळेल का, हे आधी बघून ठेवा.

बनवताना

आपल्याकडे हाताने यंत्रं उभारण्याची चांगली परंपरा आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली. हाताने काम करत शिकणं हाच त्या शिक्षणाचा पाया. सामायिक कार्यशाळेत शिकणारे हात असतील तर पॅनेल सॉ बनवणं हाही एक चांगला अभ्यास आहे. पण बनवायचा तर उभाच बनवा. सरकत्या टेबलाचे लांब, सरळ, न झिजणारे रूळ साध्या फॅब्रिकेशनमध्ये जमत नाहीत.

चौकट ४० बाय ४० मिमीच्या चौकोनी एमएस पाइपची करा. लांबी १० फूट ठेवा आणि दोन्ही बाजूंना शीटला आधार देणारे सुटे रोलर स्टँड जोडा. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो, म्हणून सगळी चौकट आधी टाके मारून उभी करा, कर्ण मोजा आणि मग आलटून पालटून समोरासमोरच्या जागी पक्कं वेल्डिंग करा. मागचा झोक १० ते १५ अंश, म्हणजे एक मीटर उंचीला साधारण १८ ते २७ सेंटिमीटर. झोक कमी पडला तर शीट पुढे कलंडते. जास्त झाला तर ती स्वतःच्या वजनाने पोटात वाकते आणि काप वाकडा येतो. पायांना खालीवर होणारे बोल्ट लावा, कारण गाळ्याचा कोबा सपाट असतोच असं नाही.

उभ्या चालीसाठी सीएनसीचं सामान विकणाऱ्यांकडे २० मिमीचे, खालून ॲल्युमिनियमचा आधार असलेले रूळ मिळतात. नुसता पाइप मधल्या भागात दबतो, हे दबत नाहीत. शीटची उंची १२२० मिमी, त्यात करवतीच्या प्लेटची लांबी आणि थोडी मोकळी जागा धरली तर रूळ १८०० मिमीचे घ्या. पहिला रूळ ताणलेल्या दोरीशी मिळवून कायमचा आवळा. दुसरा सैल ठेवून प्लेट वरपासून खालपर्यंत फिरवत न्या आणि ती सहज चालेल तिथे आवळत चला.

गुण्या जुळवायची सोय रुळांना ठेवू नका, खालच्या रोलरांच्या रांगेला ठेवा. सगळे रोलर एका लांब अँगलवर बसवा, अँगलला मध्ये एक बोल्ट आणि दोन्ही टोकांना लांबट भोकं द्या. म्हणजे रांग किंचित कलवून गुण्यात आणता येते आणि रुळांना हात लावावा लागत नाही. जुळवल्यावर त्या बोल्टांवर रंगाची रेघ ओढा. कुणी बोल्ट फिरवला तर रेघ तुटते आणि लगेच दिसते.

करवतीसाठी १८५ मिमी पात्याचा, १४०० ते १६०० वॉटचा सर्क्युलर सॉ पुरतो. त्याचा पत्र्याचा बेस लवचिक असेल तर तो काढून सॉ ६ मिमी ॲल्युमिनियमच्या प्लेटवर आवळा. प्लेट ९० अंशांत फिरण्याची जागा हा घरगुती मशीनचा सगळ्यात कच्चा भाग असतो. तिथे साधा बोल्ट चालणार नाही. लेथवाल्याकडून घट्ट बसणारी पिन आणि बुश करून घ्या, दोन्ही अवस्थांसाठी वेगवेगळी भोकं ठेवा. तोलाचं वजन स्टीलच्या दोरीने पुलीवरून सोडा आणि ते एखाद्या पाइपच्या आतच खालीवर होऊ द्या, म्हणजे दोरी तुटली तरी कुणाच्या अंगावर येणार नाही. हे वजन करवत आणि प्लेटपेक्षा थोडं जास्त ठेवा. हात सोडला की करवत आपोआप वर गेली पाहिजे.

सर्क्युलर सॉचं बटण दाबून केबल टायने बांधून ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. ती सामायिक मशीनवर अजिबात नको. वीज गेली आणि दहा मिनिटांनी परत आली तर पातं आपोआप फिरू लागतं आणि तेव्हा तिथे कुणाचा हात असेल सांगता येत नाही. नो-व्होल्ट स्विच लावा. वीज परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय तो मशीन चालू होऊ देत नाही. त्याच स्विचवर मोठं लाल बटण घ्या आणि ते चालवणाऱ्याच्या हाताच्या टप्प्यात बसवा. वायर अडीच स्क्वेअर एमएमची घ्या आणि फळीवर ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी लावा.

गुण्याची परीक्षा

साधा गुण्या लावून बघणं इथे पुरत नाही, कारण एक-दोन फुटांवर न दिसणारा फरक चार फुटांवर उघडा पडतो. पाच कापांची रीत वापरा. एक मीटर चौरस तुकडा घ्या. उजवी कड कापा. तुकडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून नुकतीच कापलेली कड रोलरांवर ठेवा आणि पुन्हा उजवी कड कापा. असे चार काप झाले की पाचव्या कापात पहिल्याच कडेची दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्टी काढा. या पट्टीत मशीनचा दोष चौपट होऊन उतरतो. पट्टीच्या दोन्ही टोकांची रुंदी व्हर्नियरने मोजा. एका टोकाला ३०.० आणि दुसऱ्या टोकाला ३१.२ मिमी आलं तर फरक १.२, भागिले चार म्हणजे मीटरमागे ०.३ मिमी. कपाटाच्या सांगाड्याला एवढं चालतं. शटर नेमकी बसवायची तर याच्याही आत आणा.

पूर्ण शीट तपासायची झटपट रीत कर्णांची. २४४० बाय १२२० मिमीचा कर्ण २७२८ मिमी येतो. दोन्ही टोकांचे चार फुटी काप एकाच बाजूला एक मिलिमीटरने तिरके असतील तर दोन कर्णांत जवळजवळ १.८ मिमीचा फरक पडतो. एक लक्षात ठेवा, कारखान्यातून आलेली कड गुण्यात असेलच असं नाही. आधी एक कड छाटून घ्या आणि पुढची सगळी मापं तिच्यापासून धरा. ही परीक्षा दर महिन्याला आणि पावसाळा संपल्यावर न चुकता करा. कोकणात आणि गोव्यात रुळांवर गंज लवकर धरतो, तिथे दर आठवड्याला तेलाचं फडकं फिरवा आणि लगेच कोरडं पुसा, नाहीतर तेलावर भुसा चिकटून बेअरिंग जाम होतात.

जिथे अपघात होतात

उभ्या सॉवरचा आडवा काप तुलनेने निर्धोक असतो, कारण दोन्ही तुकडे रोलरांवर उभे राहतात. धोका चिरताना असतो. शीट पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनेच भरली पाहिजे. उलट बाजूने भरली तर पातं शीट हातातून ओढून फेकतं. म्हणून चौकटीवर जाड रंगाने बाण काढा आणि चुकीच्या बाजूला आडकाठी लावा. दुसरं, चिरत गेल्यावर वरची पट्टी स्वतःच्या वजनाने खाली बसते, फट मिटते आणि पातं चिमटलं जातं. पात्यामागे फट उघडी ठेवणारी पट्टी असेल तर उत्तम. नसेल तर फूटभर कापल्यावर मशीन थांबवून फटीत लाकडी पाचर घाला, आणि पुढे दर दोन फुटांवर पुन्हा.

पातं प्लायसाठी ४० ते ६० दातांचं टीसीटी घ्या. शीटच्या पलीकडे दात पाच-सहा मिमीच बाहेर येतील एवढी खोली ठेवा. उभ्या सॉवर दात मागून पुढे येतात, म्हणून चांगली बाजू चौकटीकडे आणि खराब बाजू स्वतःकडे ठेवा. सरकत्या टेबलावर बरोबर उलट, चांगली बाजू वर. दोन्ही मशीन असलेल्या कार्यशाळेत हे भिंतीवर लिहून ठेवायलाच हवं.

धुळीकडे दुर्लक्ष नको. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. एमडीएफची धूळ तर पिठाहून बारीक असते आणि बंद गाळ्यात तासन्‌तास तरंगते. करवतीला व्हॅक्युमचा पाइप जोडा, मध्ये भुसा अडवणारा एक बंद डबा ठेवा, आणि एन-९५ मास्क, चष्मा व कानांचं संरक्षण सक्तीचं करा. हातमोजे मात्र फिरत्या पात्यापाशी घालू नयेत. ते अडकले तर हात सोबत ओढला जातो.

नियम लिहा, तेही थोडे

सामायिक मशीनसाठी चार नियम पुरे. पहिला, ज्याने सर्वांसमोर एक आडवा काप आणि एक चिरकाप करून दाखवला त्यालाच चावी. दुसरा, खिळे असलेलं जुनं लाकूड, एसीपी आणि ॲल्युमिनियम सामायिक पात्यावर चढवायचं नाही. ज्याला कापायचं त्याने स्वतःचं योग्य पातं आणावं आणि काम झाल्यावर उतरवावं. तिसरा, वहीत तारीख, नाव, शीटची संख्या आणि मशीनबद्दलची तक्रार लिहायची. या संख्येवरूनच पाती, धार आणि दुरुस्तीची वर्गणी ठरवा. सगळ्यांना सारखी वर्गणी लावली तर कमी कापणारा आधी कुरकुरतो आणि मग बाहेर पडतो. चौथा, गुण्याच्या बोल्टांना फक्त जबाबदार व्यक्तीनेच हात लावायचा. ती जबाबदारी दर सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे द्या आणि देताना पाच कापांची परीक्षा दोघांनी मिळून करा.

निर्णयाकडे

आता हिशोब सोपा होतो. महिन्याला दहा शीटसुद्धा लागत नसतील तर ट्रॅक सॉ किंवा बाहेरचं कटिंग. सांगाड्याचं काम जास्त, जागा कमी आणि जबाबदारी घेणारा एक हाताचा पक्का माणूस असेल तर उभा सॉ बनवा. त्या बांधणीत त्यालाच मुख्य ठेवा, कारण ज्याने रूळ बसवले त्याला बिघाड आधी कळतो. असा माणूस नसेल, किंवा तो वर्षभरात दुसरीकडे जाणार असेल, तर उभाच सॉ पण तयार घ्या. शटरं, कलते काप आणि रोजचा माल असेल, थ्री फेज मिळत असेल आणि वीस-बावीस फूट जागा असेल, तर सरकत्या टेबलाच्या मशीनला पर्याय नाही. मात्र वर्गणी काढताना मशीनच्या किमतीबरोबर पहिल्या वर्षाची पाती आणि देखभालीचा खर्चही गोळा करून ठेवा. पहिलं पातं बोथट झाल्यावर पैसे मागायची वेळ आली, की बोथट पात्यावरच काम चालू राहतं, आणि तिथूनच चिपा, तिरके काप आणि अपघात सुरू होतात.